मिळाली की मिळवली

आईने मुलाचं मानपत्र लिहू नये, एवढी साधी अक्कल मला आहे. शुभदाताईंना ती नाही, आणि सिंगापूरमधल्या आमच्या मंडळाच्या अध्यक्ष त्या आहेत, मी नाही.

"सुलेखा, दरवर्षी तूच लिहितेस ना? मग यंदा दुसरं कोण लिहिणार?" त्या फोनवर म्हणाल्या. "गणपतीत आपण तुझ्या रुचिरचा सत्कार करतोय. विजेतेपदाची अंगठी मिळवणारा आपल्यातला पहिला फुटबॉलपटू! शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं."

"अहो, पण तो माझा मुलगा आहे."

"मग बरंच झालं की. माहिती गोळा करायला नको," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

चौदा वर्षं मी मंडळाची मानपत्रं लिहिते आहे. माझा एक नियम आहे. मानपत्रात फुगवायचं असतं, खोटं लिहायचं नसतं. गेल्या वर्षी माइक आणि स्पीकर सांभाळणाऱ्या गृहस्थांना मी 'मंडळाचा आवाज' म्हटलं होतं. लोक हसले, पण ते खरंच होतं, कारण ते गावाला गेले की आमचा कार्यक्रम कुणाला ऐकूच येत नाही.

आता अंगठीबद्दल सांगते, कारण मंडळात कोणी नीट विचारलंच नाही. फुटबॉलमध्ये जिंकणाऱ्याला पदक देतात. अंगठी ही अमेरिकेतली पद्धत, त्यांच्या त्या वेगळ्या फुटबॉलमधली. रुचिरच्या क्लबचे मालक बरीच वर्षं तिकडे राहून आलेले. यंदा क्लबने लीग जिंकली तेव्हा त्यांना हौस आली आणि त्यांनी सगळ्यांना अंगठ्या करून दिल्या. सगळ्यांना म्हणजे खेळाडूंना, प्रशिक्षकांना, मालिश करणाऱ्याला आणि जर्सी धुणाऱ्या बाईंनासुद्धा. चांगली जाडजूड अंगठी, निळा खडा, खड्याभोवती क्लबचं नाव आणि बाजूला कोरलेलं 'आठल्ये'. रुचिरने ती डबी उघडून बघितली आणि पुन्हा बंद केली. त्याने ती बोटात घातलेली मी कधी पाहिली नाही.

रुचिर त्या संघाचा तिसरा गोलकीपर. पहिला गोलकीपर खेळतो. पहिल्याचं काही दुखलं तर दुसरा खेळतो. तिसरा त्या दोघांचं दुखायची वाट बघतो. अख्ख्या सीझनमध्ये त्या दोघांची नखंसुद्धा दुखली नाहीत. रुचिर एक मिनिटही मैदानात उतरला नाही. मला हे कोणी सांगायला नको, कारण प्रत्येक सामन्याला मी स्टँडमध्ये होते. बाकीचे चेंडूकडे बघायचे, मी बेंचकडे.

माझा नवरा निशिकांत माझ्या शेजारी बसायचा. तो कोणाकडे बघायचा, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

अंगठी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी निशिकांतने ती डबी बॅगेत टाकली आणि तांजोंग पगारला त्याच्या ऑफिसात, बँकेत नेली. तिथे त्याच्या टेबलाभोवती गर्दी झाली म्हणे. मग त्या गर्दीतल्या कोणाच्या तरी बायकोने शुभदाताईंना सांगितलं, आणि त्यांनी आम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं ठरवून टाकलं. निशिकांत तर आधीच अर्ध्या उंचीवर पोचला होता.

पण त्याला एकट्याला बोल लावून मी सुटणार नाही. रुचिर अकरा वर्षांचा असताना शाळेतले कोच म्हणाले होते, याची उंची होणार, हात मोठे आहेत, याच्याकडे लक्ष द्या. त्या रात्री निशिकांत जेवला नाही, नुसता हसत होता. स्थानिक खेळाडूला संघात जागा लवकर मिळते, पुढे देशाच्या संघाचाही विचार होतो, म्हणून आम्ही सिंगापूरचे नागरिक झालो. आमचे भारतीय पासपोर्ट परत करायला गेलो तेव्हा मी काउंटरवरच रडले आणि आतल्या बाईने काचेखालून टिश्यू सरकवला. मग अठराव्या वर्षी रुचिरची लष्करातली सक्तीची दोन वर्षं. मग क्लबचा करार. प्रत्येक वेळी वाटायचं, आता इतकं केलंय तर मागे कसं फिरायचं. त्या 'इतकं केलंय'मध्ये आम्ही तिघंही अडकत गेलो, आणि सामन्याला डबे भरून नेणारी मीच होते.

तर शनिवारी दुपारी क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी जेवणाच्या टेबलावर मानपत्र लिहायला बसले. 'श्री. रुचिर निशिकांत आठल्ये यांनी' इथपर्यंत लेखणी सरसर चालली. पुढे चालेना.

रुचिर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या आमटीभात खात होता. चोवीस वर्षांचा मुलगा, सहा फूट दोन इंच, पण ताटली घेऊन बसायचं म्हणून नाही.

"आई, 'अर्न'ला मराठीत काय म्हणतात?" त्याने विचारलं.

"कमावणे."

"नो लाह, पैसे नाही. लाइक, यू अर्न अ रिंग."

"मिळवणे. अंगठी मिळवली."

"अँड जस्ट 'गेट'? कोणीतरी देतं, तू घेते."

"मिळणे. अंगठी मिळाली."

त्याने दोन्ही शब्द दोनदा म्हणून बघितले. लहानपणी मी त्याच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे तेव्हाही तो असाच भिंतीकडे बघून म्हणायचा.

"ऑलमोस्ट सेम," तो म्हणाला.

"अजिबात नाही!" मी चिडले. या बाबतीत मी चिडतेच. "व गेला, ळला काना लागला, आणि 'यांनी'चं 'यांना' झालं. 'यांनी मिळवली' म्हटलं की तू काहीतरी केलंस. 'यांना मिळाली' म्हटलं की ती आपली आली."

"मग मिळाली लिही."

मी पेन खाली ठेवलं. तो ताटली घेऊन माझ्यासमोर चक्क खुर्चीवर बसला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"जर्सी धुणारी आंटी आहे ना, तिने मिळवली," तो म्हणाला. "एव्हरी मॅच तिचं काम होतं. माझं नव्हतं. आई, आय वाँट टु स्टॉप."

मग त्याने सगळं सांगितलं. त्याने इथल्या फिजिओथेरपीच्या डिग्रीसाठी अर्ज केला होता. परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

"मला सीट मिळाली," तो म्हणाला, आणि थांबला. "नो, वेट. मिळवली. दॅट वन आय अर्न्ड."

सोमवारी कॉलेजला होकार कळवायचा होता. आणि सोमवारीच क्लबच्या आणखी एका वर्षाच्या करारावर सही करायची होती. तो करार निशिकांतने फाइलमध्ये घालून टीव्हीखाली ठेवला होता, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून.

"बाबाला सांगितलंस?"

"हाऊ टु टेल? बँकेत तो सगळ्यांना काय सांगतो, माहितीये? माय सन, चॅम्पियन. चॅम्पियन कसा सोडणार?" त्याने भाताची शितं बोटाने गोळा केली. "बट तू तिथे सगळ्यांसमोर 'मिळाली' वाचलं, तर ते एकदा बाहेर येईल. मग मी पण बोलू शकतो. यू फर्स्ट, आई. देन मी."

मी त्याला शब्द दिला.

चहाच्या वेळी निशिकांतने कागद वाचला. तो अकाउंट्सचा माणूस, त्याची नजर नको तिथे बरोबर थांबते.

"'मिळाली' काय? लॉटरी लागलीये का त्याला?"

"मग काय लिहू?"

"मिळवली." त्याने कागद टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही, ते मला जास्त जड गेलं. "सुलेखा, तो खेळला नाही हे मला माहिती नाही असं वाटतं का तुला? पण रोज सकाळी सरावाला त्याच्या अंगावर शे-दोनशे चेंडू मारतात. त्याच्यावर मारून मारून ते लोक गोल करायला शिकले. त्याची बोटं बघितलीस कधी? दोन वाकडी आहेत. ती काय आपली आपण वाकडी झाली? ही मेहनत नाही?"

एखादा मुद्दा पूर्ण चुकीचा असला की भांडायला बरं पडतं. हा पूर्ण चुकीचा नव्हता. त्या बोटांना मी स्वतः हळद लावली आहे.

"त्याला काय वाटतं, ते विचार," मी म्हटलं.

"त्याला काय वाटायचंय? लाजतो तो, लहानपणापासून." आणि कप उचलून तो गॅलरीत गेला. "तुझं मराठी, तू जाण."

एका बाजूला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला गॅलरीत पाठमोरा उभा असलेला हा माणूस. मी पुरती कात्रीत सापडले होते. तरी मी 'यांना मिळाली' तसंच ठेवलं आणि मजकूर टाइप करून शुभदाताईंना पाठवून दिला. मोठं धाडस केल्यासारखं वाटलं मला.

रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम. हॉल भरलेला, आरती झालेली, उकडीच्या मोदकांची माणशी एकच म्हणून सूचना झालेली. रुचिरच्या आधी दोन सत्कार होते. दोघांनीही उत्तरादाखल, मी या सत्काराला पात्र नाही, हे माझं एकट्याचं श्रेय नाही, असं सांगितलं. ते तसंच सांगायचं असतं.

मग मला स्टेजवर बोलावलं आणि शुभदाताईंनी चौकटीतलं मानपत्र माझ्या हातात दिलं. सोनेरी किनार, मधोमध गणपती. देताना त्या कानात म्हणाल्या, "अगं, घाईत तू 'यांना मिळाली' टाइप केलं होतंस. छापायच्या आधी बघितलं म्हणून बरं. दुरुस्त केलंय."

मी बघितलं. ठळक अक्षरांत 'यांनी मिळवली'.

पहिल्या रांगेत निशिकांत बसला होता, नवा झब्बा घालून. स्टेजवरच्या खुर्चीत रुचिर, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. शुभदाताईंच्या आग्रहाखातर बोटात अंगठी घातलेली. तो माझ्याकडेच बघत होता. मी वाचायला लागले. क्रीडाक्षितिज आलं, अथक परिश्रम आले, आणि ती ओळ आली. काचेआड छापलेलं एक दिसत होतं आणि मी दुसरंच म्हणाले, "श्री. रुचिर निशिकांत आठल्ये यांना विजेतेपदाची अंगठी मिळाली."

टाळ्या पडल्या. म्हणजे पडायच्या तेवढ्याच पडल्या. कोणाच्या कपाळावर आठी नाही, कोणी शेजारच्याकडे वळून बघितलं नाही. मी आदल्या दुपारपासून ज्या दोन अक्षरांसाठी जीव टांगून घेतला होता, ती अडीचशे मराठी माणसांच्या कानांवरून गेली आणि एकालाही काही कळलं नाही. मला इतका राग आला, की उरलेलं मानपत्र मी कसं वाचलं ते आठवत नाही.

रुचिरला मात्र कळलं होतं. तो उठला, नारळ खुर्चीवर ठेवला आणि माइकपाशी आला.

"नमस्कार. माझं मराठी बरोबर नाही, सॉरी." लोक कौतुकाने हसले. "ही अंगठी मी मिळवली नाही. मला मिळाली. या सीझनमध्ये मी एक मिनिट पण खेळलो नाही. मी बेंचवर बसलो होतो. दुसरे लोक खेळले. म्हणून हा सत्कार माझा नाही पाहिजे. मी खरं सांगतोय."

इतकं स्वच्छ मराठी तो जन्मात बोलला नव्हता. सांगायचं ते काहीच इंग्रजीआड लपवलेलं नव्हतं. मला वाटलं, झालं, आता सुटलो.

मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. शेवटच्या रांगेतले उठले, मग मधले, मग अख्खा हॉल उभा राहिला. पहिल्या रांगेत निशिकांतही उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याचे डोळे भरले होते.

शुभदाताईंनी माइक घेतला. त्यांचाही आवाज कापत होता. "बघितलंत? एवढं यश मिळवूनही पाय जमिनीवर! परदेशात वाढलेला मुलगा, पण हा विनय! याला म्हणतात संस्कार!"

रुचिर माइकजवळ तसाच उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तो आणखी काय सांगणार होता? जे काही सांगितलं असतं, ते विनयातच जमा झालं असतं.

मी शुभदाताईंचा दंड धरला. "अहो, तो विनयाने बोलत नाहीये. ते खरं आहे."

"अगं, म्हणूनच तर!" म्हणत त्यांनी मला मिठी मारली.

पुढचा अर्धा तास पोरांची रांग लागली होती. प्रत्येकाला अंगठी घालून फोटो काढायचा होता. आया म्हणत होत्या, दादासारखं बोलता आलं पाहिजे हं. रुचिर वाकून वाकून प्रत्येकाच्या बोटात अंगठी घालत होता, काढत होता, हसत होता. लष्करातून सुट्टीवर घरी आला की तो असं हसायचा. मी 'कसं आहे तिकडे?' विचारलं की हसायचा. दोन वर्षं मी ते हसू बघितलं आहे आणि मला ते मुळीच आवडत नाही.

शेवटी मी त्याला जवळजवळ ओढूनच पार्किंगमध्ये आणलं. निशिकांत आधीच गाडीत बसला होता. रुचिर मागे बसला, शेजारच्या सीटवर शाल, नारळ आणि ती काचेची चौकट. मी पुढे बसून दार आपटलं.

"तो विनय नव्हता," मी म्हटलं. "कळलं ना तुला?"

निशिकांतने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. "कळलं," तो म्हणाला. "पहिल्याच वाक्याला कळलं."

"मग उभा कशाला राहिलास? टाळ्या कसल्या वाजवत होतास?"

तो म्हणाला, "अगं, सगळे उभे राहिले होते. मी एकटा कसा बसून राहणार?"

मला वाटलं होतं, मागून आता भडका उडणार. चोवीस वर्षांचा जोराचा भडका उडायला त्या मुलाकडे पुरेसं कारण होतं. पण मागून त्याचा अगदी साधा आवाज आला.

"सेम, बाबा."

निशिकांतने आरशात बघितलं.

"माझं पण तेच झालं," रुचिर म्हणाला. "चार वर्षं. तू उभा होता, आई उभी होती. मी एकटा कसा बसणार?" त्याने अंगठी काढून डबीत ठेवल्याचा आवाज मी ऐकला. "उद्या मी क्लबला नाही म्हणणार आहे. मला शिकायचंय, नंतर सगळं सांगतो. मी आधी बसतो, बाबा. मग तू पण बस. चालेल?"

निशिकांतने गाडी सुरू केलीच नाही. आमच्या जागेवर गाडी लावायला कोणीतरी मागे येऊन थांबलं होतं. त्याने दोनदा हॉर्न वाजवला, तरी आम्ही तिघंही तिथेच बसून राहिलो.